सुप्त दोष (घरखरेदी)

सुप्त दोष म्हणजे स्थावर मिळकतीत खरेदीच्या वेळी अस्तित्वात असलेला, परंतु सर्वसाधारण काळजी घेऊन केलेल्या पाहणीतही खरेदीदाराच्या लक्षात न येणारा दोष होय. भिंतीवरील भेग, गळके छत, तुटलेली फरशी हे डोळ्यांना दिसणारे दोष उघड दोष समजले जातात. याउलट भरावाखाली गाडलेला ओढा, गंजत चाललेली सळई, सातबाऱ्यावरील जुना शर्तभंग किंवा विकास आराखड्यातील आरक्षण हे सुप्त दोषांचे प्रकार आहेत. घर ज्या भागात घ्यायचे तो भाग खरेदीदारास अपरिचित असेल, तर तेथील रहिवाशांना सहज ठाऊक असलेली गोष्टही त्याच्यासाठी सुप्तच राहते. त्यामुळे नव्या परिसरातील घरखरेदीत या विषयाला विशेष महत्त्व येते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

कायदेशीर संकल्पना

इंग्लिश कायद्यातील 'खरेदीदाराने सावध राहावे' हे तत्त्व भारतीय कायद्यात मर्यादित स्वरूपात आले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार मिळकतीतील किंवा स्वतःच्या मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्यास माहीत असेल, खरेदीदारास माहीत नसेल आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही तो खरेदीदाराच्या लक्षात येण्याजोगा नसेल, तर तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. असा दोष दडवून ठेवणे हे कपट ठरते, असे याच कलमात पुढे स्पष्टपणे म्हटले आहे.

या तरतुदीतील 'सर्वसाधारण काळजी' हे शब्द निर्णायक आहेत. जो दोष शोधता आला असता, पण शोधला गेला नाही, त्याला या कलमाचे संरक्षण मिळत नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १९ मध्येही हाच विचार दिसतो. विक्रेत्याने मौन बाळगून फसवणूक केली असली, तरी सर्वसाधारण दक्षता घेऊन सत्य जाणून घेण्याचे साधन खरेदीदाराजवळ उपलब्ध होते असे दिसल्यास करार रद्द करण्याचा पर्याय त्याला राहत नाही. १८८२ च्या अधिनियमातील कलम ३ याहून पुढे जाते. नोंदणीकृत दस्ताची माहिती खरेदीदारास होतीच, असे ते कलम गृहीत धरते. मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या हक्काचीही माहिती खरेदीदारास होती, असे मानले जाते. रिकामी दिसणारी जमीन प्रत्यक्षात कोणी कसत असेल किंवा सदनिकेत भाडेकरू राहत असेल, तर 'मला कल्पना नव्हती' हे म्हणणे न्यायालयात टिकणे कठीण असते.

खरेदीदार आणि विक्रेता यांच्या माहितीतील या तफावतीचा आर्थिक अंगाने अभ्यास अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केला. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २००१ चा नोबेल स्मृती पुरस्कार विभागून मिळाला. घराच्या बाबतीत ही तफावत अधिक जाचक ठरते, कारण बहुतेक कुटुंबे असा व्यवहार आयुष्यात एकदा किंवा दोनदाच करतात आणि विकणारा मात्र पुष्कळदा त्याच धंद्यातला असतो.

जमीन आणि पाणी

नव्या वसाहतीत सर्वांत सहज दडवता येणारा दोष म्हणजे पाण्याची जुनी वाट. ओढ्यानाल्यांवर भराव टाकून, त्यांचे पात्र वळवून किंवा त्यांना नळ्यांत कोंडून सपाट केलेली जमीन उन्हाळ्यात इतर कोणत्याही भूखंडासारखीच दिसते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसरातील नव्या गृहसंकुलांत पाणी शिरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्यातील आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात, आणि जुलै २०२४ मध्ये मुठा नदीकाठच्या सिंहगड रस्ता भागात, अनेक सोसायट्यांचे तळमजले पाण्याखाली गेले.

राज्याचा जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवली जाते. नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध असतो. निळ्या आणि लाल रेषांमधील पट्ट्यात जोते पुरेसे उंच ठेवण्यासारख्या अटींवर बांधकामास परवानगी मिळू शकते. म्हणजेच रीतसर परवानगी असलेले घरही पूरक्षेत्रात असू शकते, ही बाब विक्रीच्या माहितीपत्रकात क्वचितच आढळते. शिवाय सर्व ओढ्यांच्या पूररेषा आखलेल्या नाहीत. अशा ठिकाणी भूमी अभिलेख विभागाकडील जुना गाव नकाशा उपयोगी पडतो. त्यावर ओढे, तळी, पाणंद आणि गाडीवाटा दाखवलेल्या असतात. आजच्या उपग्रह चित्राशी त्याची तुलना केली की नकाशावर वाहणारा ओढा जमिनीवर कोठे नाहीसा झाला, हे कळते. शेतांची आणि भागांची पारंपरिक नावेही बोलकी असतात. कोकणातील 'खाजण' हे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेल्या खाऱ्या जमिनीचे नाव आहे. 'तळ्याची पट्टी' किंवा 'पाणथळ' अशी नावे घाटावरही आढळतात. आसपासच्या जुन्या इमारतींत विजेचे मीटर डोक्याइतक्या उंचीवर हलवलेले असणे, कुंपणाच्या भिंतीवर एकाच पातळीत ओलीची रेघ असणे किंवा तळमजल्यावरील दुकानांत उंबऱ्याला नवा कठडा घातलेला असणे, ही त्या भागात पाणी भरत असल्याची लक्षणे होत. याच कारणास्तव नव्या भागातील घराची एक पाहणी भर पावसात करावी, असा संकेत रूढ आहे.

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी कापसाची माती आढळते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया या थरातून खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांनंतर दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. ताबा घेण्याच्या वेळी मात्र यातील काहीच दिसत नाही. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगवटा असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत विकसित केली आहे. बंगला किंवा रो-हाउस घेताना मृदा परीक्षण अहवाल आणि पायाचा नकाशा मागणे त्यामुळे निरर्थक नाही. जुन्या खाणी किंवा विहिरी बुजवून केलेल्या भूखंडांनाही हाच नियम लागू पडतो. भराव असमान रीतीने खचतो आणि घराचा एक कोपरा खाली जातो.

पाणीपुरवठा हा दोष मानला जात नसला, तरी परिणामाने तो दोषच असतो. महापालिका हद्दीत नव्याने समाविष्ट झालेल्या अनेक गावांत नळजोडणी येईपर्यंत वर्षानुवर्षे टँकर आणि विंधनविहीर यांवर भिस्त राहते. संकुलात नळ आहेत एवढ्यावरून त्यांत कोणाचे पाणी येते हे समजत नाही. टँकरवर झालेला खर्च सोसायटीच्या हिशेबात पाहता येतो.

अभिलेखांतील दोष

महाराष्ट्रात ज्या दोषांनी कुटुंबांना रस्त्यावर आणले, ते बहुतांशी भिंतींत नसून कागदपत्रांत होते. मुंबईतील वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात १९८० च्या दशकात सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी पाच मजल्यांची असताना त्यांतील एक २० आणि दुसरी १७ मजल्यांपर्यंत गेली. रहिवासी भोगवटा प्रमाणपत्राशिवाय तेथे राहू लागले. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जादा मजले नियमित करण्यास नकार दिला आणि जून २०१४ मध्ये महापालिकेने त्या सदनिकांचे पाणी, वीज व गॅस तोडण्याची कारवाई केली. ठाणे जिल्ह्यात मुंब्र्याजवळील शीळ येथे ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली इमारत परवानगीविनाच बांधली जात होती. काम पूर्ण झालेले नसतानाही तीत कुटुंबे राहत होती. या दुर्घटनेत ७४ जणांचा मृत्यू झाला.

नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी आरक्षित जागेवर ४१ इमारती बांधल्या गेल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या २०२४ मधील आदेशानंतर त्या पाडण्यात आल्या. तेथील रहिवाशांनी घरासाठी पैसे मोजले होते, पण जमिनीवरील आरक्षण विकास आराखड्यात नोंदलेलेच होते. आरक्षणाचा हा दोष शोधण्यास सर्वांत सोपा असूनही सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. संबंधित सर्वेक्षण क्रमांकाचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा नियोजन प्राधिकरणाकडून अल्प शुल्कात मिळतो.

डोंबिवलीतील प्रकरणाने आणखी एका समजुतीला धक्का दिला. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून ६५ इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवण्यात आल्याचे उघड झाले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. येथील खरेदीदारांनी नोंदणी क्रमांक पाहिला होता आणि त्यांपैकी अनेकांना गृहकर्जही मिळाले होते. बँकेचे कर्ज मंजूर होणे हे मालकीहक्काचे किंवा परवानगीचे प्रमाणपत्र नव्हे, हे यातून ठळकपणे समोर आले. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या कार्यालयात जाऊन, गरज भासल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, पडताळणे हा त्यावरील खात्रीचा मार्ग आहे.

इतरही काही कागद असे आहेत, की ज्यांना लोकव्यवहारात त्यांच्या योग्यतेपेक्षा अधिक वजन दिले जाते. घरपट्टीची पावती आणि वीजबिल हे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नाहीत. महापालिका अनधिकृत बांधकामांवरही कर आकारते, इतकेच नव्हे तर कायद्याने त्यांवर दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे. पिंपरी-चिंचवडमधील 'शास्तीकर' हा अनेक निवडणुकांत गाजलेला प्रश्न यातूनच निर्माण झाला. सातबारा उतारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीहक्काचा अंतिम पुरावा नव्हे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, परंतु विक्रेत्याचा हक्क निर्दोष असल्याची हमी देत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या आधारे झालेल्या 'विक्री'ने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. शहरांच्या वेशीवरील गुंठेवारी भूखंडांचे व्यवहार मात्र त्यानंतरही याच पद्धतीने होत राहिले.

जमिनीच्या धारणाप्रकारातील दोष बाहेरगावच्या खरेदीदारास विशेष अडचणीत आणतात. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वतन आणि इनाम जमिनी, कुळकायद्याखाली मिळालेल्या जमिनी, भूमिहीनांना दिलेल्या शासकीय जमिनी या वर्गात मोडतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने कडक निर्बंध घातले असून नियमबाह्य हस्तांतरण झालेली जमीन मूळ खातेदारास परत देता येते. मूळ अन्याय लक्षात घेता ही तरतूद रास्त आहे. तिचा भार मात्र मधल्या दलालावर न पडता शेवटच्या खरेदीदारावर पडतो. केवळ चालू सातबारा पाहून हे दोष सापडत नाहीत. नमुना ६ मधील जुने फेरफार क्रमाने मागे वाचत जावे लागतात आणि त्यासाठी निदान ३० वर्षांचा शोध घेण्याची वकिलांची प्रथा आहे. दस्त नोंदणीचा शोध सूची क्रमांक २ द्वारे, तर वित्तसंस्थांकडील गहाणाचा शोध केंद्रीय सरसाई नोंदवहीत घेता येतो. वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवणे हाही रूढ उपाय आहे, मात्र त्यातून फक्त वर्तमानपत्र वाचणाऱ्यांच्या हरकती येतात.

काही बंधने मिळकतीच्या अभिलेखात न दिसता परिसरावर असतात. देहूरोड येथील लष्करी दारूगोळा कोठारापासून २००० यार्डांच्या पट्ट्यात संरक्षण बांधकामे अधिनियम, १९०३ खाली निर्बंध आहेत. स्थानिक भाषेत 'रेड झोन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात पिंपरी-चिंचवडमधील हजारो घरे येतात. विमानतळांभोवतीची उंचीमर्यादा, किनारा नियमन क्षेत्र, पुण्याच्या टेकड्यांवरील जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आणि पश्चिम घाटातील पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र ही अशीच अन्य बंधने होत. कोकणात सुट्टीतील घरासाठी जागा घेणाऱ्या शहरी खरेदीदारांना यांपैकी किनारा नियमन क्षेत्र आणि पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र ही दोन सर्वाधिक नडतात.

खरेदीदाराने सर्व काळजी घेऊनही दोष निघाल्याचे उदाहरण खासगी वनांचे आहे. १९५० च्या दशकात भारतीय वन अधिनियमाखाली काढलेल्या, पण पुढे कार्यवाही न झालेल्या नोटिशींच्या आधारे २००५ नंतर मुंबईच्या मुलुंड आदी उपनगरांतील वसलेल्या संकुलांच्या जमिनींवर 'खासगी वन' अशी नोंद करण्यात आली. या इमारतींना महापालिकेची रीतसर परवानगी होती. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमीनधारकांच्या बाजूने निर्णय दिल्यामुळे हजारो सदनिकाधारकांची घरे वाचली. कॅम्पा कोला आणि मुलुंड या प्रकरणांतील फरक येथे नोंदण्याजोगा आहे. पहिल्यात भोगवटा प्रमाणपत्र नसणे हा इशारा आरंभापासून उपलब्ध होता, तर दुसऱ्यात दोष शासनाच्या स्वतःच्या दप्तरात निपचित पडून होता.

बांधकामातील दोष

काँक्रीटमधील अल्कधर्मी गुणामुळे आतील पोलादी सळई गंजण्यापासून सुरक्षित राहते. हवेतील कर्ब वायू किंवा खाऱ्या हवेतील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले, की हे संरक्षण संपते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने काँक्रीट आतून फुटते. सळईवरील काँक्रीटचे आवरण पातळ ठेवणे आणि न धुतलेली खाडीची वाळू वापरणे ही किनारपट्टीवरील इमारती अकाली जीर्ण होण्याची प्रमुख कारणे आहेत. रंगरंगोटी आणि आच्छादित छत यांमुळे ही लक्षणे झाकली जातात. विक्रीपूर्वी घाईने दिलेला ताजा रंग, विशेषतः एकाच भिंतीला किंवा शौचालयाखालच्या छतापुरता दिलेला, हा संशयास पात्र असतो. गिलावा ठोकल्यावर बद्द आवाज आल्यास तो भिंतीपासून सुटलेला असतो. तुळईच्या तळाशी सळईच्या दिशेने जाणारी भेग ही आत गंज असल्याची खूण आहे.

महापालिका कायद्यानुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी परीक्षण करावे लागते. पुनर्विक्रीची सदनिका घेताना हा अहवाल संस्थेकडे मागता येतो. तथापि इमारत नवी असणे ही सुरक्षिततेची हमी नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे कोसळलेली आणि १६ जणांचा बळी घेणारी इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

पुनर्विक्रीच्या सदनिकांत दोन गोष्टी वारंवार राहून जातात. इमारत आणि जमीन यांचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले नसेल, तर जमिनीची मालकी विकासकाकडेच राहते आणि हा दोष बहुधा पुनर्विकासाच्या वेळीच उघडा पडतो. दुसरी गोष्ट वाहनतळाची. इमारतीखालील मोकळ्या खांबांमधील वाहनतळ विकासक स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला आहे.

दाद मागण्याचे मार्ग

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांतील दोष निदर्शनास आणल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. तसे न केल्यास खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. जमिनीच्या सदोष मालकीहक्कामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईस कलम १८ नुसार मुदतीचे बंधन नाही. विक्रीकरार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास याच अधिनियमाने मनाई केली आहे. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी करणारे महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. मात्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसलेल्या जमिनीवरील किंवा ८ पेक्षा अधिक सदनिका नसलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. शहरांच्या सीमेवरील अनेक लहान इमारती मुद्दाम या मर्यादेत बसवल्या जातात. व्यक्तीने व्यक्तीला केलेली पुनर्विक्रीही या कायद्याच्या कक्षेबाहेर असून तेथे १८८२ च्या अधिनियमातील कलम ५५ हाच मुख्य आधार राहतो.

विकासकाविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. तिची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. दिवाणी दाव्यात दोष कपटाने दडवल्याचे सिद्ध झाल्यास मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ नुसार मुदतीची गणना कपट उघडकीस आल्यापासून, किंवा योग्य दक्षता घेतली असती तर ते ज्या दिवशी उघडकीस येऊ शकले असते त्या दिवसापासून, होते. या सर्व मार्गांनी मिळू शकते ती भरपाई किंवा दुरुस्ती. अनधिकृत ठरलेली इमारत पाडण्याचा आदेश खरेदीदार निर्दोष असला म्हणून थांबत नाही. कॅम्पा कोला, नालासोपारा आणि डोंबिवली या तिन्ही प्रकरणांत रहिवाशांची फसवणूक झाली असणे ही बाब त्यांची घरे कायम ठेवण्यास पुरेशी ठरली नाही.